तिसरा शनिवार

संस्था काढणे हा मराठी माणसाचा जुना छंद आहे. चार माणसे संध्याकाळची एका पारावर भेटू लागली की आठवड्याभरात त्यांचे मंडळ होते, महिन्याभरात मंडळाची घटना तयार होते, आणि वर्ष उलटायच्या आत कार्यकारिणीत दोन तट पडतात. संस्था कशी काढावी हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ती कशी बंद पडते हेही आपण पुष्कळदा पाहिलेले असते. परंतु बंद पडलेली संस्था पुन्हा उठवायची कशी, याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. वर्धापनदिनाचे वृत्तांत निघतात, रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिका निघतात. एखाद्या मंडळाच्या पुनर्जन्माची स्मरणिका निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे याचा आपल्याला सार्थ अभिमान असतो. पण तिच्यासारख्याच निघालेल्या आणि मध्येच आटून गेलेल्या मालांचा हिशेब कोण ठेवतो?

गेली दोन वर्षे मी अशाच एका आटलेल्या मंडळाला पाणी घालण्याच्या खटाटोपात आहे. हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की मी मराठीचा अध्यापक आहे. वर्गात ‘लीळाचरित्र’ आणि घरी गॅसचा सिलिंडर, एवढ्या दोनच विषयांवर मला थोड्याफार अधिकाराने बोलता येते. तेव्हा हे मंडळ संकेतस्थळे तयार करण्याच्या सॉफ्टवेअरचे आहे असे म्हटले की पुष्कळांच्या भुवया वर जातील. गृहिणींनी आणि निवृत्त मंडळींनी पान उलटू नये. सॉफ्टवेअर समजावून सांगायला मला चार-दोन परिच्छेद पुरे आहेत. बाकीची गोष्ट माणसांची आहे.

संकेतस्थळ म्हणजे इंटरनेटवरचे आपले घर. पूर्वी या घरातला एक खिळा हलवायचा तरी गवंडी बोलवावा लागे. वाचनालय सकाळी साडेसातऐवजी आठला उघडणार, एवढे कळवायचे तरी संगणकाच्या भाषेत लिहिणाऱ्या एखाद्या तरुणाला गाठायचे, त्याच्या मिनतवाऱ्या करायच्या, आणि मग त्याने सवडीने ते पान नव्याने लिहून चढवायचे. पुढे अशी सॉफ्टवेअरे निघाली की ज्यांत मजकूर एका कपाटात आणि सजावट दुसऱ्या कपाटात राहते. दिवाळी अंकाच्या कचेरीत हेच चालते. लेखकाचा मजकूर वेगळा येतो, चित्रकाराची मांडणी वेगळी असते, आणि छपाईच्या वेळी दोन्ही एकत्र होतात. मजकूर लिहिणाऱ्याला मांडणी यायला हवी असे नाही, आणि उद्या मांडणीचा साचा बदलला तरी मजकुराला धक्का लागत नाही. ज्याला पत्र टाईप करता येते त्याला आपले संकेतस्थळ चालवता यावे, अशी ही सोय.

या सॉफ्टवेअरांत तीन नावे मोठी आहेत. बेल्जममधल्या अँटवर्पच्या द्रीस ब्यूतार्त या विद्यार्थ्याने २००१ साली खुले केलेले ड्रुपल, २००३ सालचे वर्डप्रेस आणि २००५ सालचे जुमला. ड्रुपल हे नाव थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून पडले. ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ ही मराठी वाचकांच्या परिचयाची संकेतस्थळे याच थेंबावर पोसली. ही तिन्ही सॉफ्टवेअरे फुकट आहेतच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मोकळी आहेत. त्यांचा परवाना म्हणतो: घ्या, वापरा, उघडून पाहा, हवा तसा फेरफार करा, दुसऱ्याला द्या; मात्र देताना त्यालाही हीच मोकळीक द्या.

आमचे मंडळ मुळात जुमलाचे. या जुमलाशी माझे नाते जुळले ते भाषेच्या वाटेने. सॉफ्टवेअरला हे नाव ज्यांनी दिले त्यांनी ते स्वाहिली भाषेतून उचलले. तिथे ‘जुमला’ म्हणजे सगळे मिळून. स्वाहिलीत हा शब्द अरबीतून गेला, आणि अरबीतून निघालेला तोच शब्द आपल्या मराठीतही आला. जुन्या हिशेबांत रकमांच्या खाली बेरीज मांडताना ‘जुमला’ लिहीत. जुमला म्हणजे एकूण, सारे मिळून. अलीकडे हिंदीच्या संगतीने त्याला पोकळ वाक्य असा अर्थ चिकटला आहे, त्याकडे आपण दुर्लक्ष करू. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा आणि आपल्या जमाखर्चाच्या वह्यांतला शब्द एकच निघावा, हे मला त्या सॉफ्टवेअरच्या साऱ्या करामतींपेक्षा जास्त नवलाचे वाटले.

त्याची जन्मकथाही नावाला साजेशी आहे. आधी मॅम्बो नावाचे एक सॉफ्टवेअर होते. ते ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीने काढले, पण त्यावर राबत होते ते देशोदेशीचे स्वयंसेवक. २००५ साली मॅम्बोसाठी एक प्रतिष्ठान उभारण्यात आले, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना वाटले की या कारभारात आपल्याला जागा नाही. १७ ऑगस्ट २००५ रोजी मुख्य कारागीर एकदमच बाहेर पडले. परवाना मोकळा असल्यामुळे त्यांना आपले काम बरोबर नेता आले. मागे राहिले ते फक्त नाव. पुढच्याच महिन्यात जुमला या नव्या नावाने पहिली आवृत्ती निघाली. जुन्या संस्थेतून बाहेर पडून नवी काढणे ही विद्या केवळ आपलीच नाही, हे कळून मला त्या वेळी फार समाधान वाटले होते.

वापरणाऱ्यांनी आपले मंडळ करावे ही चालही जुनी आहे. १९५५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात आयबीएम कंपनीचे ७०४ हे अवाढव्य यंत्र वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचे मंडळ काढले. यंत्र कंपनीचे असले तरी ते चालवताना येणाऱ्या अडचणी सगळ्यांच्या सारख्याच. मग प्रत्येकाने वेगळे डोके का फोडायचे, असा साधा विचार. जुमलाच्या दुनियेत अशा गावोगावच्या मंडळाला ‘जुमला यूजर ग्रुप’ म्हणतात, आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘जग’. आमच्या मंडळाची फळ्यावरची पहिली सूचना होती, ‘शनिवारी पाच वाजता जग भरेल.’ ती वाचून तळमजल्यावरच्या आजी पाण्याची टंचाई आहे का म्हणून विचारायला आल्या होत्या.

हे जग २०११ साली पुण्यातल्या एका पेठेत, एका छापखान्याच्या माडीवर भरू लागले. छापखान्याच्या मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. दर महिन्याचा तिसरा शनिवार ठरलेला. हिंजवडीहून दोघे-तिघे जाणकार तरुण येत. त्यांच्याबरोबर आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत इंटरनेटवर मांडू पाहणारे बँकेतून निवृत्त झालेले काका, लग्नामुंजीच्या जेवणावळींची कामे घेणाऱ्या एक ताई, दुर्गभ्रमण करणारी पोरे, आणि एका जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई, असा मेळा जमे. मी गेलो तो आमच्या विभागाच्या वार्षिकाला संकेतस्थळ हवे म्हणून, आणि राहिलो तो शब्दांसाठी.

कारण जुमलात एक सोय आहे. पडद्यावर येणारे कोणतेही ठरीव वाक्य काढून तिथे आपल्या पसंतीचे वाक्य ठेवता येते. एवढे कळल्यावर आमच्या माडीवर जे वाद झाले तसे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळातही मी ऐकलेले नाहीत. ‘रीड मोअर’ला ‘अधिक वाचा’ म्हणायचे की ‘पुढे वाचा’? मी ‘पुढे’च्या बाजूने लढलो, कारण अधिक वाचा असे म्हटले की मला परीक्षेची आठवण होते. ‘सबमिट’च्या जागी कुणीतरी ‘सादर करा’ लिहिले, तेव्हा ताई कडाडल्या, “सादर करायला माझी गिऱ्हाइकं काय मामलेदार कचेरीत आलीत? ‘पाठवा’ म्हणा सरळ.” आणि ‘आपणांस हे पान पाहण्याचा अधिकार नाही’ या वाक्यावर काकांचा सक्त आक्षेप. “बँकेत पस्तीस वर्षं काढली मी. असं तोंडावर सांगायचं नसतं. ‘कृपया आधी प्रवेश करावा’ म्हणावं.” तेच ठेवले. सभ्यतेचा एवढा धडा मी वर्गात कधी देऊ शकलो नव्हतो.

ते बहराचे दिवस होते. २०१६ च्या फेब्रुवारीत ड्रुपलवाल्यांचे आशियाचे संमेलन मुंबईला पवईच्या आयआयटीत भरले, तेव्हा आमच्यातले चौघे शेजारधर्म म्हणून तिथेही हजेरी लावून आले.

मंडळ भांडणाने मोडले असते तर मला लिहायला सोपे गेले असते. पण तसे काही झाले नाही. आमचा चालक एक उत्साही तरुण होता. माडीची किल्ली त्याच्याकडे, निरोप त्याने धाडायचे, प्रोजेक्टर त्याने आणायचा, बटाटेवडे त्याने सांगायचे, आणि वक्ता आला नाही तर भाषणही त्यानेच करायचे. आम्ही त्याचे कौतुक करीत असू. हळूहळू भाषणे जाणकारांनी जाणकारांसाठी करायची होऊ लागली. नवख्या माणसाला शंका असे, पण ती विचारली तर बारा जणांचा खोळंबा होईल या संकोचाने तो गप्प बसे, आणि दोन-तीन शनिवार गप्प बसून झाल्यावर यायचाच बंद होई. २०१९ च्या अखेरीस आठ-दहा माणसे उरली. मग चालकाला कॅनडात नोकरी लागली. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दोन-तीनदा आम्ही पडद्यावर भेटलो. काळ्या चौकटी आणि त्यांत नावे, एवढेच दिसे. चौथी भेट कुणी ठरवली नाही. माणूस गेला की निदान तेरावे तरी होते. मंडळ गेले हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या लक्षात आले ते २०२४ च्या पावसाळ्यात, आणि तेही वाचनालयाच्या बाईंमुळे.

वाचनालयाचे नाव मी सांगत नाही. बाई तिथून निवृत्त झाल्या तरी रोज दोन तास जात. वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते. कोणत्या अंकात कुणाचा कोणता लेख आहे याची एकत्र सूची कुठेच नव्हती. ती बाईंनी करायला घेतली. एकेक अंक उलगडायचा, लेखकाचे नाव, लेखाचे नाव, महिना, पान, असे एकेक टिपायचे आणि वाचनालयाच्या संकेतस्थळावर चढवायचे. हे काम त्यांनी नऊ वर्षे केले. संशोधन करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना त्या सूचीने किती पायपीट वाचवली ते मला ठाऊक आहे.

हे संकेतस्थळ जुमलाच्या तिसऱ्या आवृत्तीवर उभे होते. त्या आवृत्तीची देखभाल १७ ऑगस्ट २०२३ रोजी संपली. सॉफ्टवेअरची देखभाल संपली म्हणजे ते त्या दिवशी बंद पडते असे नव्हे. ते चालूच राहते. पण त्यात नवे भोक सापडले तर बुजवायला कुणी येत नाही. दाराची कडी ढिली झालेली आणि सुतार गाव सोडून गेलेला, अशी ती अवस्था. रस्त्याने जाणारा भुरटा हे बरोबर हेरतो. २०२४ च्या जुलैत वाचनालयाचे पान उघडले तर तिथे परभाषेतल्या जुगाराच्या जाहिराती. ज्या कंपनीच्या यंत्रावर हे सारे ठेवलेले होते तिने आपल्या नियमाप्रमाणे खाते बंद केले. कंपनीपाशी ज्या प्रती होत्या त्यांतही तीच घाण शिरलेली. कार्यकारिणीत यावर ठराव झाला: ‘चौकशी करावी.’

बाईंनी मला फोन केला. आवाज शांत होता.

“सर, विचारायचं कुणाला?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पाच वर्षांपूर्वी असते. पाच वर्षांपूर्वी मी म्हणालो असतो, “तिसऱ्या शनिवारी या.”

मंडळ उठवायला हवे हे ज्याने त्याने म्हणून झाले होते. मला ते खरोखर पटले ते त्या फोनने. मी छापखान्यात गेलो. अण्णांनी कपाटातून जुनी हजेरीची वही काढून दिली. तिच्यात त्रेसष्ट नावे होती. त्यांतले जे क्रमांक लागले त्यांवर मी आठ दिवस बोललो. एक म्हणाला, “सर, आता जुमला कोण वापरतं?” दुसरा विम्याच्या व्यवसायात शिरला होता, त्याने येण्याचे कबूल केले नाही, पण मला एक पॉलिसी सुचवली. तिसऱ्याने उत्साहाने हो म्हटले, ते हो अजून चालूच आहे.

पहिली बैठक २१ सप्टेंबर २०२४ ला ठेवली. तिसरा शनिवार. गणपती बोळवून चार दिवस झाले होते. अण्णा म्हणाले, “मास्तर, पितृपंधरवड्यात नवं काम काढताय?” मी म्हणालो, “अण्णा, नवं कुठलं? हे पितरांचंच काम आहे.” त्यांना ते पटले. त्यांनी माडी झाडून ठेवली.

सहा जण आले. अण्णा, बाई, काका, ताई, मी, आणि आमच्या तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी, जी घरबसल्या वर्डप्रेसवर छोट्या दुकानदारांची संकेतस्थळे करून आपली फी भरीत होती. बाईंनी सारी हकिगत सांगितली. सगळे गप्प. मग काकांनी खिशातून एक तपकिरी पाकीट काढले. त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेले: ‘मंडळ. सर्व सभासदांच्या प्रती. १६ नोव्हेंबर २०१९.’

त्या दिवशी मंडळात ‘अकीबा बॅकअप’ नावाच्या जोडणीचा पाठ झाला होता. ही जोडणी संकेतस्थळाचा मजकूर, चित्रे, मांडणी, सारे एका गाठोड्यात बांधून देते, आणि ते गाठोडे दुसऱ्या यंत्रावर सोडले की घर जसेच्या तसे उभे राहते. पाठ म्हणून प्रत्येकाने आपापले गाठोडे बांधले आणि घरी जाऊन विसरून गेला. काकांनी मात्र बँकेच्या सवयीने प्रत्येकाकडून एकेक प्रत मागून घेतली, पेनड्राइव्हवर घातली, पाकिटात बंद केली आणि दागिन्यांच्या कपाटात ठेवली. “नोंद केली ती जपून ठेवायची,” एवढेच ते म्हणाले.

पुढचे पाच-सहा शनिवार त्या गाठोड्याचे होते. विद्यार्थिनीने ते आपल्या संगणकावर उघडले. तिसऱ्या आवृत्तीतून चौथ्या आवृत्तीत जायला ३.१० हा पूल ओलांडावा लागतो, तो ओलांडला. मग चौथीतून पाचवीत. जुन्या जोडण्या एकेक करून सोडवाव्या लागल्या. जुना साचा नव्या आवृत्तीत बसेना, म्हणून जुमलाबरोबर येणारा साधा साचाच घ्यायचे ठरले. त्याचे नाव कॅसिओपिया. मला राहवेना. मी म्हणालो, “हा तारकासमूह. याला आपण मराठीत शर्मिष्ठा म्हणतो.” तेव्हापासून वाचनालयाने शर्मिष्ठा नेसली आहे, असेच आम्ही म्हणतो. २०२५ च्या मार्चमध्ये पान पुन्हा उघडले.

सारे परत आले असे मात्र नाही. नोव्हेंबर २०१९ पर्यंतची सूची हाती आली. नंतरची साडेचार वर्षांची गेली. ती पुन्हा करायची म्हणून आम्ही खंड वाटून घेतले. मी, माझे विद्यार्थी, ताई, सगळे बसतो. काम अजून चालू आहे. पण दोन खंड मधल्या एका पावसाळ्यात भिजून लगदा झाले होते. त्यांची सूची बाईंनी भिजण्याआधी केली होती. त्या अंकांत कुणी काय लिहिले होते याची नोंद एका ठिकाणी होती, आणि आता ती नाही. बाई त्याबद्दल बोलत नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, “त्यात एका बाईची कविता होती. नाव नव्हतं, नुसतं ‘एक भगिनी’. मला पान आठवतं, कविता आठवत नाही.”

तिसऱ्या बैठकीत मंडळात पहिला तट पडला, तेव्हा मला धीर आला. जिवंत असल्याची ती खूण. विद्यार्थिनीच्या दोन मैत्रिणी येऊ लागल्या होत्या, आणि त्या वर्डप्रेसवाल्या. काकांना हे रुचेना. “भजनी मंडळात लावणी कशाला?” ते म्हणाले. त्यांना नावाचा अर्थ मीच सांगितला: जुमला म्हणजे सगळे मिळून. काकांनी क्षणभर विचार केला. “बेरीज म्हणता? मग हरकत नाही,” ते म्हणाले. बेरजेपुढे त्यांचा इलाज चालत नाही. आता आमच्याकडे तिन्ही घराण्यांची माणसे येतात. अडचणी तिघांच्याही सारख्याच: परवलीचा शब्द कुणाकडे आहे, प्रत कुठे ठेवली आहे, नवी आवृत्ती चढवली का.

मंडळ एकदा का मेले याचा विचार करून आम्ही चार नियम फळ्यावर लिहिले. पहिला: तिसरा शनिवार रद्द होणार नाही, दोघे आले तरी बैठक. दुसरा: पहिला अर्धा तास नवख्याचा, त्या वेळात जाणकाराने फक्त उत्तर द्यायचे, भाषण नाही. तिसरा: चहाच्या आधी प्रत्येकाने आपल्या संकेतस्थळाची प्रत काढायची, प्रत नाही त्याला चहा नाही. चौथा: चालक दर तीन महिन्यांनी बदलेल आणि माडीची किल्ली दोघांकडे राहील. चौथ्या नियमाने काही घोटाळे झाले. एका चालकाने निरोप पाठवलाच नाही, दुसऱ्याने वडे दुप्पट सांगितले. पण आता एक माणूस कॅनडाला गेल्याने आमचे जग बुडणार नाही.

पहिल्या नियमाची परीक्षा २०२५ च्या ऑक्टोबरात झाली. तिसरा शनिवार नेमका धनत्रयोदशीला आला. आमच्या घरी यावर थोडे संभाषण झाले. ते मी छापीत नाही. माडीवर गेलो तो सात माणसे. ताईंनी चकल्या आणल्या होत्या. साडेसहाला सगळे पांगले, कारण ज्याला त्याला घरी जाऊन यमदीपदानाचा दिवा दक्षिणेला तोंड करून लावायचा होता. पण प्रती काढून झाल्या होत्या.

विद्यार्थिनीच्या एका मैत्रिणीने मला सरळ विचारले होते, “सर, आता फोनला विचारलं की कुठलंही उत्तर मिळतं. मग जिना चढून यायचं कशाला?” प्रश्न रास्त आहे. फोन उत्तर देतो, आणि पुष्कळदा आमच्यापेक्षा चांगले देतो. पण त्याला प्रश्न विचारता यायला हवा. नवख्या माणसाला आपले काय बिघडले आहे तेच सांगता येत नाही. तो “ते उघडत नाहीये हो” एवढेच म्हणतो, आणि शेजारी बसलेल्याने त्याच्या पडद्याकडे वाकून पाहावे लागते. शिवाय काकांचे ते पाकीट कुठल्याही फोनने काढून दिले नसते. पाच वर्षे ते कपाटात होते. बाई आणि काका एका खोलीत बसले तेव्हा ते बाहेर आले.

पहिला अर्धा तास आता बाई घेतात. सत्तरीच्या आहेत. नवा माणूस आला की त्याला शेजारी बसवतात आणि आधी तीन गोष्टी विचारतात. वाचकहो, त्या तीन गोष्टी मी तुमच्यासाठी उतरवून देतो. तुमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे, गावच्या देवस्थानाचे, सोसायटीचे, वाचनालयाचे, भिशीचे असे एखादे संकेतस्थळ नक्की असेल. फराळ झाल्यावर ते सांभाळणाऱ्याला गाठा आणि विचारा: परवलीचा शब्द तुझ्याशिवाय आणखी कुणाला ठाऊक आहे? शेवटची प्रत कधी काढली? आणि ती ठेवली आहे कुठे?

समाधानकारक उत्तर मिळाले तर त्याला दोन लाडू जास्त द्या. नाही मिळाले, आणि तुम्ही पुण्यात असाल, तर येत्या तिसऱ्या शनिवारी पाच वाजता पेठेतल्या छापखान्याची चौकशी करीत या. पुण्यात नसाल तर आपल्या गावात एखादी माडी शोधा. सहा माणसे पुरतात. आमच्याकडे येणाऱ्यांना एकच सूचना: जिन्याची चौथी पायरी हलते. ती दुरुस्त करण्याचा ठराव झालेला आहे.